फ्रीज थंडच होत नाही! दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? पैसे देण्याआधी हे तपासा

नंदुरबार जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि नेमके त्याच दिवसांत फ्रीज दम सोडतात. कोरीटसारख्या गावात फ्रीज बंद पडला की प्रश्न फक्त थंड पाण्याचा नसतो. दूध, दही, भिजवलेलं पीठ, घरात कोणाला मधुमेह असेल तर इन्सुलिनची बाटली, सगळंच अडतं. मग नंदुरबारहून मेकॅनिक बोलवायचा. तो येतो, मागच्या बाजूला हात लावतो आणि म्हणतो, ‘गॅस गेलाय. तीन हजार होतील.’ घरातलं दुसरं माणूस म्हणतं, ‘त्यापेक्षा हप्त्यावर नवाच घेऊ.’

दोघांचंही बरोबर असू शकतं आणि दोघांचंही चुकू शकतं. निर्णय फ्रीजच्या वयावर जेवढा अवलंबून आहे, त्याहून जास्त नेमकं काय बिघडलंय यावर आहे. आणि बिघाड कोणता, याचा बराचसा अंदाज मेकॅनिक यायच्या आधी घरच्या घरी येतो.

आधी बिल शोधा

सगळ्यात आधी खरेदीचं बिल आणि वॉरंटी कार्ड काढा. बहुतेक कंपन्या पूर्ण फ्रीजवर १ वर्षाची आणि कॉम्प्रेसरवर १० वर्षांची वॉरंटी देतात. सहा-सात वर्षं जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर गेला तर तो वॉरंटीत मिळण्याची बरीच शक्यता असते. पण अनेक कुटुंबं गावातल्या मेकॅनिककडून पैसे देऊन बसवून घेतात, कारण ‘वॉरंटी तर एकच वर्ष होती’ एवढंच लक्षात असतं.

यात एक मेख आहे. कॉम्प्रेसरची वॉरंटी म्हणजे बहुतेक वेळा फक्त त्या सुट्या भागाची वॉरंटी. गॅस, मजुरी, येण्याजाण्याचा खर्च वेगळा लागतो. त्यामुळे ‘फुकट कॉम्प्रेसर’साठीही दोन-तीन हजारांचं बिल येऊ शकतं. फोनवर तक्रार नोंदवतानाच एकूण किती लागतील हे विचारून घ्या. वॉरंटी असूनही टाळाटाळ होत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

फ्रीज काय सांगतोय?

आतला दिवा लागतो, पण मागून कॉम्प्रेसरचा आवाजच येत नाही. किंवा दर दोन-चार मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज येतो आणि पुन्हा शांत. अशा वेळी लगेच कॉम्प्रेसर गेला असं समजू नका. आधी व्होल्टेज पाहा. घरात पुरवठा २३० व्होल्टचा अपेक्षित असतो. संध्याकाळी तो खूप खाली आला तर कॉम्प्रेसरला सुरू होण्याएवढा जोर मिळत नाही, तो तापतो आणि त्याच्यावरचं ओव्हरलोड त्याला बंद करतं. तो ‘टक्’ त्याचाच. पंखा मंद फिरत असेल, दिवा पिवळा पडत असेल तर दोष फ्रीजचा नाही. व्होल्टेज ठीक असेल तर रिले, ओव्हरलोड किंवा थर्मोस्टॅट हे तीन संशयित. हे सुटे भाग काही शे रुपयांत मिळतात. फ्रीज १२ वर्षं जुना असला तरी ही दुरुस्ती डोळे झाकून करावी.

फ्रीजर मस्त थंड, पण खालच्या कप्प्यात भाजी सडते, ही दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजची नेहमीची तक्रार. या फ्रीजमध्ये बर्फ आपोआप वितळवायला हीटर असतो. हीटर, त्याचा सेन्सर किंवा टायमर बिघडला की मागच्या पॅनेलआड बर्फ साचतो आणि थंड हवेची वाट बंद होते. खात्री करायची सोपी पद्धत आहे. फ्रीज रिकामा करा, बटण बंद करून दार उघडं ठेवा आणि पूर्ण २४ तास तसाच राहू द्या. खाली पाणी पसरेल, जुनं गोणपाट टाका. मग चालू करा. चार-सहा दिवस उत्तम चालून पुन्हा तीच तक्रार आली, तर दोष डीफ्रॉस्टच्या भागांत आहे, गॅसमध्ये नाही. असं असताना कोणी गॅस भरायचा सल्ला देत असेल तर नम्रपणे नकार द्या.

दार नीट लागत नसेल तर दाराच्या रबरात दहा रुपयांची नोट अडकवून दार लावा. नोट सहज ओढता आली तर रबर सैल झालंय. ते आधी कोमट साबणाच्या पाण्याने पुसून बघा, बऱ्याचदा चिकट मळामुळेच ते बसत नाही. नवं रबर साधारण हजार रुपयांच्या आसपास पडतं.

आणि मागची जाळी? उघड्या जाळीच्या फ्रीजमध्ये तिच्यावर चुलीचा धूर, पिठाची धूळ आणि तेलकटपणा यांचा थर बसतो. फ्रीज थंडी ‘तयार’ करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. (थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरमधलं हे एवढं एक वाक्य पदवीनंतर खरोखर उपयोगी पडलं.) बाहेरच टाकायला जागा नसेल तर आत गार कसं होणार? पत्र्याच्या घरात, भिंतीला टेकवून, वरून टॉवेल आणि शोभेचं कापड घातलेला फ्रीज मे महिन्यात दिवसभर धावत राहतो. जाळी साफ करून फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढणं ही फुकटची दुरुस्ती आहे. ती आधी करा. दोन दिवस थांबा.

‘गॅस संपला’ म्हणजे काय?

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून थोडं सविस्तर.

फ्रीजमधला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो आणि वीस वर्षं तेवढाच राहायला हवा. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. त्यामुळे गळती न शोधता ‘गॅस मारून’ दिला तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत फ्रीज पुन्हा तिथेच येणार. तीन हजार दोनदा दिले की सहा झाले, आणि फ्रीज अजून जुनाच.

गॅस खरंच गेला असेल तर कॉम्प्रेसर अखंड चालतो, पण आत गारवा नाही आणि मागची जाळी किंवा बाजूच्या भिंती नेहमीसारख्या कोमट लागत नाहीत. गळती कुठे आहे, यावर मग सारं ठरतं. एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फ काढायला सुरी किंवा पेचकस वापरला आणि फ्रीजरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला भोक पडलं, तर गळती दिसते. तो भाग बदलता येतो. कॉम्प्रेसरजवळच्या जोडावर गळती असेल तर ती पक्की झाळता येते. पण बऱ्याच फ्रीजमध्ये काही नळ्या भिंतींच्या आत, फोममध्ये गाडलेल्या असतात. दाराच्या चौकटीला घाम येऊ नये म्हणून फिरवलेली नळीही तिथेच. ती गंजून गळायला लागली तर तिच्यापर्यंत पोचायला फ्रीज फोडावा लागतो. मेकॅनिकने गळती फोममध्ये आहे असं दाखवून दिलं, तर त्या फ्रीजवर आणखी खर्च करू नका. वय कितीही असो.

मेकॅनिकला तीन प्रश्न विचारा. गळती कुठे सापडली? फिल्टर बदलणार का? गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंप लावणार का? नळ्यांतली हवा आणि ओल काढल्याशिवाय भरलेला गॅस नीट काम करत नाही. तिन्हींची उत्तरं सरळ मिळाली तर माणूस जाणकार आहे. शिवाय बिलावर निदान तीन महिन्यांची हमी लिहून घ्या.

मागच्या स्टिकरवर गॅसचं नाव असतं. ‘आर १३४ए’ जुन्या फ्रीजमध्ये सापडतो, नव्या फ्रीजमध्ये बहुधा ‘आर ६००ए’, म्हणजे आयसोब्युटेन. हा स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊबंद आहे आणि पेट घेतो. त्याच्या फ्रीजवर ज्वालेचं चिन्ह असलेला पिवळा त्रिकोण असतो. प्रमाण थोडंच, काही दहा ग्रॅम, पण ते वजनकाट्यावर मोजूनच भरावं लागतं. गॅस नळीत असतानाच कोणी टॉर्च पेटवायला लागला, तर त्याला तिथेच थांबवा.

हिशेब कसा करायचा?

‘दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीवर गेली आणि फ्रीज दहा वर्षांचा झाला, तर बदला’ असा एक ठोकताळा सगळीकडे ऐकायला मिळतो. तो वाईट नाही, पण त्यात वीजबिल धरलेलं नाही. आणि खेडेगावात हिशेब बहुतेक वेळा तिथेच फिरतो.

जुना फ्रीज किती वीज खातो हे मोजता येतं. सगळे लग्नाला जाणार असाल तर बाकीची सगळी बटणं बंद करा, फक्त फ्रीज चालू ठेवा आणि २४ तासांच्या अंतराने मीटरचे दोन आकडे टिपा. मोजणी फ्रीज धडधाकट असतानाच करायची. गॅस गळणारा फ्रीज अखंड चालतो. १०० वॉटचा कॉम्प्रेसर दिवसभर थांबलाच नाही तर २.४ युनिट होतात, आणि तो आकडा दुरुस्तीनंतरचा नसतो. तसंच मे महिन्यातला आकडा वर्षभराला लावू नका, थंडीत फ्रीज बराच कमी चालतो.

समजा वर्षाची सरासरी रोज १.६ युनिट निघाली. वर्षाचे झाले ५८४. त्याच आकाराच्या नव्या फ्रीजच्या लेबलवर वर्षाला १८० युनिट लिहिलेत. आपल्याकडचा उन्हाळा धरून २०० माना. बचत सुमारे ३८० युनिट. ८ रुपये दर धरला तर वर्षाला ३,००० रुपये. नवा फ्रीज १६,००० रुपयांचा आणि दुरुस्ती ६,००० ची असेल, तर फरक १०,००० चा. तो तीन-साडेतीन वर्षांत वसूल होतो. इथे नवा घेणं शहाणपणाचं.

आता हेच उदाहरण रोज ०.९ युनिट धरून करा. वर्षाचे ३२८. बचत जेमतेम १,००० रुपये. दहा हजार वसूल व्हायला दहा वर्षं. इथे दुरुस्तीच बरी. दोन्ही फ्रीजचं वय सारखंच असू शकतं, हे विशेष.

दर किती धरायचा? महावितरणच्या घरगुती बिलात पहिले १०० युनिट स्वस्त असतात. १०१ ते ३०० चा दर त्याच्या जवळपास दुप्पट आहे. फ्रीजची बचत बिलाच्या वरच्या टोकातून कमी होते. म्हणून महिन्याला १३० युनिट वापरणाऱ्या घराला ती जास्त जाणवेल, ७० युनिटवाल्या घराला कमी. बिलावरचा सरासरी दर धरून हिशेब करू नका.

नवाच घ्यायचा ठरला तर

ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सीचे स्टार सगळे बघतात, पण स्टारपेक्षा त्याच लेबलवरचा वर्षाच्या युनिटचा आकडा महत्त्वाचा. स्टारचे निकष काही वर्षांनी कडक होतात, २०२३ मध्येही झाले होते, त्यामुळे जुन्या लेबलचे ५ स्टार आणि नव्या लेबलचे ५ स्टार सारखे नसतात. लेबल कोणत्या कालावधीचं आहे ते त्यावरच छापलेलं असतं.

दुसरी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. मागच्या स्टिकरवर ‘क्लायमेट क्लास’ असतो. ‘एन’ म्हणजे ३२ अंशांपर्यंतच्या हवेसाठी, ‘एसटी’ ३८ पर्यंत, ‘टी’ ४३ पर्यंत. खानदेशात ‘टी’च घ्या.

जीएसटी कमी झाल्याने फ्रीज स्वस्त झाले, असं २२ सप्टेंबर २०२५ नंतर अनेकांना वाटतं. ती कपात एसी, मोठे टीव्ही आणि डिशवॉशर यांच्यावर होती. फ्रीज २७ जुलै २०१८ पासूनच २८ वरून १८ टक्क्यांवर आलेला आहे. ‘जीएसटी ऑफर’ असा फलक दिसला तर फ्रीजचा जुना दर विचारा. बिनव्याजी हप्त्याचंही तसंच. रोखीत किती सूट मिळते हे आधी विचारलं की बिनव्याजीची खरी किंमत कळते.

घर मळ्यात असेल आणि वीज शेतीच्या फीडरवरून येत असेल, तर एका दाराचा साधा फ्रीज बरा. त्यात बिघडायला भाग कमी, आणि फ्रीजरमधला बर्फ वीज नसताना काही वेळ गारवा टिकवतो. स्टॅबिलायझरची गरज आहे का, हे फ्रीजच्या माहितीपत्रकातली व्होल्टेजची मर्यादा आणि आपल्या घरचं संध्याकाळचं व्होल्टेज ताडून ठरवा.

जुन्याचं काय?

फ्रीज हा ई-कचरा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादक कंपनीवर येते. भंगारवाला मात्र आधी कॉम्प्रेसरची नळी कापतो आणि गॅस हवेत सोडतो. आर १३४ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता धरून ठेवतो, म्हणजे १०० ग्रॅम सोडला तर १४० किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइडएवढा परिणाम. एक्स्चेंजमध्ये दुकानदार भंगारापेक्षा फार जास्त देणार नाही, पण नेऊन टाकण्याचा ‘छोटा हत्ती’चा खर्च वाचतो. चालू फ्रीज कुणाला दिलात तर उभाच न्यायला सांगा, आणि पोचल्यावर काही तास थांबून मगच सुरू करायला.

तोवर घरातल्या वस्तूंचं? बंद पडलेल्या फ्रीजचं दार न उघडल्यास आत साधारण चार तास गारवा टिकतो. त्यानंतर दूध तापवून घ्या, शिजवलेलं अन्न त्याच दिवशी संपवा. वापरात नसलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. ते शेजारच्या चालू फ्रीजमध्ये, दारात किंवा मधल्या कप्प्यात ठेवा, फ्रीजरमध्ये नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं.