कार्बन तंतूचा लेप आणि पऱ्हाटीचा बोर्ड

कार्बन संमिश्राच्या ताकदीचे सगळे श्रेय तंतूला दिले जाते. तंतू दणकट आहेच: जाडी जेमतेम 5 ते 7 मायक्रॉन, पण ताण सोसण्यात साध्या पोलादाच्या कैक पट पुढे. तरीही सुट्या तंतूंच्या लडीचा विमानाचा पंख होत नाही. एका तंतूवरचा भार दुसऱ्याकडे जातो तो त्यांना एकत्र बांधणाऱ्या रेझिनमधून, आणि रेझिन तंतूला धरते ते त्याच्या पृष्ठभागावर. भट्टीतून निघालेला कार्बन कशाशी सहज जुळत नाही. म्हणून कारखान्यात आधी त्याच्या पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण करतात, मग वजनाच्या साधारण एक टक्का इतका पातळ पॉलिमर लेप चढवतात. हा लेप हाताळणीत तंतू तुटू देत नाही आणि रेझिनशी त्याचा सांधा जुळवतो.

यावर आक्षेप असा, की तंतूंच्या दिशेने ओढले तर ताकद बहुतांशी तंतूच ठरवतात; मग लेपाचे एवढे कौतुक कशाला? आक्षेप खरा, पण अर्धाच. पवनचक्कीचे पाते नुसते ओढले जात नाही. ते वाकते, पिळले जाते, दाबले जाते, आणि तिथे कस लागतो सांध्याचा. मग पकड जितकी घट्ट तितकी बरी? तेही नाही. फार घट्ट पकडीत एका तंतूतली चीर सरळ शेजारच्या तंतूत घुसते. पकड थोडी सैल असेल तर चीर तंतूच्या कडेने वळते आणि तिची ऊर्जा घर्षणात खर्ची पडते. जेट इंजिनातल्या सिरॅमिक संमिश्रांत तंतूंवर बोरॉन नायट्राइडचा कमकुवत थर मुद्दाम देतात, तो यासाठीच.

बुलढाण्याच्या कापूसपट्ट्यात हाच हिशेब वेगळ्या रूपात समोर येतो. खामगाव, मलकापूर, नांदुऱ्याकडे वेचणी संपली की उरतात कपाशीच्या वाळक्या काड्या, म्हणजे पऱ्हाटी, आणि बरीचशी जळून जाते. मुंबईत 1924 साली सुरू झालेल्या सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेने पऱ्हाटीच्या चुऱ्यापासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचे तंत्र विकसित केले आहे. मात्र कार्बनवर काही चढवावे लागते, तर पऱ्हाटीतून आधी काही काढावे लागते. सालीवरचे मेण रेझिनला अडवते, मऊ गाभा रेझिन नुसतेच शोषून घेतो, आणि ओल लागली की सेल्युलोज फुगून सांधा सैल होतो. रेझिन वाढवून भागेल, असे कोणी म्हणेल. पण बोर्डातला महागडा घटक तोच. त्यापेक्षा साल आणि गाभा चाळून वेगळे करणे, चुरा नीट वाळवणे यावरचा खर्च सार्थकी लागेल. पऱ्हाटीचा भाव ठरवताना वजनाइतकाच तिच्या चुऱ्याचा दर्जाही मोजला पाहिजे.