डांबराची जाडी, न खोदता

डांबराचा थर कागदावर लिहिलाय तेवढाच रस्त्यावर आहे का? भोक पाडून कोअर काढला की कळतं; पण ते त्या एका जागेपुरतं. शेजारच्या दहा फुटांचं काय?

इथे रडार कामी येतं. गाडीला लावलेला अँटेना रस्त्यात रेडिओलहरींचे ठोके सोडतो. डांबराच्या पृष्ठावरून एक प्रतिध्वनी येतो, डांबर संपून खडी सुरू होते तिथून दुसरा. दोहोंमधला वेळ मोजायचा, नॅनोसेकंदांत. हवेत लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते, डांबरात साधारण १२. म्हणजे दोन प्रतिध्वनींत अडीच नॅनोसेकंदांचं अंतर असेल, तर लहरीचा प्रवास ३० सेंटिमीटर. पण तो जाऊन-येऊन, म्हणून थर १५ सेंटिमीटरचा.

सोपं वाटतं ना? खरी मेख त्या १२च्या आकड्यात आहे. मिश्रण बदललं की वेग बदलतो, आणि पाणी मुरलं असेल तर लहर चांगलीच रेंगाळते. कोरड्या डांबराचा वेग धरून हिशेब केला, तर ओला रस्ता आहे त्यापेक्षा जाड दिसतो! (ठेकेदाराला हे गणित आवडेल.) म्हणून पावसानंतर लगेच मोजू नये, आणि वेग ताडून पाहायला दोन-चार कोअर आजही काढावेच लागतात.