पणजोबांचा पलटणीतला नंबर

शीव, कोळीवाडा, अँटॉप हिल या पट्ट्यात जुन्या इमारती एकामागून एक रिकाम्या होत आहेत. पुनर्विकासाच्या करारावर सह्या झाल्या की माळा उपसायला एखादा रविवार मिळतो आणि त्याच रविवारी पत्र्याची काळी ट्रंक भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाते. माझी कळकळीची विनंती आहे, ती ट्रंक आधी उघडून बघा. आपले पणजोबा ‘बसऱ्याच्या लढाईवर’ होते, एवढंच कानावर असेल, तर पुढचा सगळा शोध त्या ट्रंकेतल्या एखाद्या वस्तूवर अवलंबून असतो.

या भागात अशा ट्रंका असणारच. रत्नागिरी, सातारा, कुलाबा या ज्या जिल्ह्यांतून गिरणगावात माणसं आली, तिथूनच मराठा पलटणींची भरतीही होत असे. एक भाऊ साच्यावर, दुसरा पलटणीत, अशी कितीतरी घरं होती. शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय 1947 मध्ये सुरू झालं तेही लष्करी बराकींत.

शोध अडतो तो एकाच ठिकाणी. घरच्यांना नाव आठवतं आणि लष्करी दफ्तर विचारतं नंबर. त्यातही पहिल्या महायुद्धाच्या वेळी नंबर त्या-त्या पलटणीपुरता असे. शिपाई दुसऱ्या पलटणीत गेला की नंबर बदलायचा. म्हणून नंबर आणि पलटण ही जोडी हातात आली पाहिजे.

ती सापडण्याची सर्वांत भरवशाची जागा म्हणजे पदकाची कड. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश युद्धपदक चांदीचं, 36 मिलिमीटर व्यासाचं. एका बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. या दोन्ही बाजू न्याहाळून लोक पदक परत डबीत ठेवतात. ते आडवं धरा आणि जाडीवरून बोट फिरवा. तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते. हमाल, मजूर, खेचरवाले अशा बिनलढाऊ माणसांना हेच पदक काशाचं मिळे. चांदीची पदकं अडीनडीला सराफाकडे गेली आणि वितळली, काशाची मात्र घरात राहून गेली. दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय शिपायांच्या पदकांवरही बहुधा नाव-नंबर सापडतो. ट्रंकेत ताटलीएवढी काशाची चकती निघाली, तिच्यावर ब्रिटानिया आणि सिंह असेल, तर तो माणूस परत आला नाही असं समजावं. त्या चकतीवर पूर्ण नाव असतं, पण हुद्दा किंवा नंबर नसतो.

पदक नसेल तर घरातल्या म्हाताऱ्यांचे शब्द जपून टिपून घ्या. ‘काळी पाचवी’ असं कोणी म्हणालं, तर ती 105 वी मराठा. ‘जंगी पलटण’ म्हणजे 103 वी. 1922 च्या पुनर्रचनेत या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या अनुक्रमे दुसऱ्या आणि पहिल्या बटालियन झाल्या. ‘कूतच्या वेढ्यात होते’ एवढं कळलं तरी बरंच हाती लागतं. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 या काळात कूत-अल-अमारात अडकलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी होत्या. वेढा संपला तेव्हा उरलेले सगळे तुर्कांचे कैदी झाले. दुसऱ्या महायुद्धात काळ्या पाचवीवर तोच प्रसंग आला. जून 1942 मध्ये तोब्रुक पडलं तेव्हा ती तिथेच होती.

लढाईत गेलेल्यांचा शोध तुलनेने सोपा आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी इंटरनेटवर फुकट पाहता येते. कित्येक नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुकाही मिळतो. मात्र जिल्हा जुन्या नावाने शोधा. रायगड आणि सिंधुदुर्ग ही नावं 1981 ची, त्यामुळे कुलाबा आणि रत्नागिरी पाहा. आडनावाचं स्पेलिंग कारकुनाच्या कानावर होतं, म्हणून शिंदे, कदम, सावंत तीन-चार तऱ्हांनी शोधावे लागतात. बसऱ्याच्या स्मारकावर 40,000 हून अधिक जणांची आठवण आहे, पण तिथे गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा दिला. हा भेदभाव आयोगाने 2021 च्या अहवालात स्वतःच मान्य केला. मला तो आकडा आजही अस्वस्थ करतो.

जे जिवंत परतले त्यांची वाट बिकट आहे. हिंदी शिपायांचे सेवापट लंडनला जात नसत, पलटणीच्या दफ्तरातच राहत. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. पेन्शन न मिळालेल्या शिपायाची कागदपत्रं नियमानुसार 25 वर्षांनी नष्ट केली जातात. मागे राहतो तो ‘लाँग रोल’. या वहीत भरती आणि सेवामुक्तीच्या तारखा असतात आणि ती कायम जपायची असते. म्हणून अर्जात ‘सगळी माहिती द्या’ असं मोघम न लिहिता नंबर, पलटण आणि अंदाजे सालं देऊन लाँग रोलमधली नोंद मागावी, सोबत नात्याचा पुरावा जोडावा. 111 वी महार पलटण 1917 मध्ये उभी राहिली आणि 1921 मध्ये मोडलीही. तिच्यातल्या माणसांसाठी पदक आणि डिस्चार्जचा कागद यांचं मोल दुप्पट आहे.

खलाशी घराण्यांना फार लांब जावं लागत नाही. मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे. नौसैनिकांचं दफ्तर शीवहून पनवेलच्या रस्त्याला लागलं की मानखुर्दला.

फाळणीनंतर शीव-कोळीवाड्याच्या छावणीत वसलेल्या पंजाबी कुटुंबांना आता एक वेगळी सोय आहे. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या, गाववार लिहिलेल्या भरतीच्या नोंदी 2021 पासून खुल्या होऊ लागल्या. त्यात सुमारे 3,20,000 माणसं आहेत. मुंबई इलाख्यातल्या शिपायांसाठी अशी सोय अजून झालेली नाही. कोकणात, साताऱ्यात गावोगावी संगमरवरी पाट्या मात्र आहेत: या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धावर इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. इथेही नावं नाहीत, आकडेच आहेत. ते आकडे नावांनी भरून काढायचं काम गावाकडेच होऊ शकतं. दिवाळीच्या सुटीत गावी गेलात तर पाटीचा फोटो काढा आणि गावातल्या सर्वांत वयस्कर बाईंना विचारा, पूर्वी कोणाकोणाच्या घरी पेन्शनची मनीऑर्डर यायची. त्या घरांपासून सुरुवात करा.