अंगणवाडीची सुधारणा : आधी जमेची बाजू लिहू या



‘अंगणवाडीत सुधारणा हवी’ असे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोनच चित्रे येतात. एक, तपासणीला साहेब येणार म्हणून बाई घाईघाईने वह्या पूर्ण करत आहेत. दुसरे, पालकांची सभा भरली आहे आणि तासभर नुसत्या तक्रारी चालल्या आहेत. दोन्हींतून मुलांच्या पदरात फारसे पडत नाही. बाई धास्तावतात, पालक चिडतात आणि पुढच्या सभेला कोणी येत नाही.

सुधारणेचा आराखडा याहून वेगळ्या रीतीने करता येतो. ऑस्ट्रेलियात २०१२ पासून प्रत्येक बालशिक्षण केंद्राला असा आराखडा ठेवावा लागतो. त्याची सुरुवात केंद्राने स्वतःच स्वतःचे काम तपासण्यापासून होते. आपल्याला एवढा मोठा कागदी व्याप नको. पण आधी काय चांगले चालले आहे ते पाहायचे आणि मग पुढचे ठरवायचे, हा क्रम घेण्यासारखा आहे.

हे आपल्याला नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला हेच केले. आदिवासी मुले शाळेत येत नव्हती. त्याचा दोष त्यांनी मुलांवर किंवा आईबापांवर टाकला नाही. मुले का येत नाहीत ते पाहिले. कोणी गुरे राखत होते, कोणी धाकट्या भावंडाला सांभाळत होते. मग शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली, गुरांमागच्या मुलांसाठी कुरणात गेली. महागड्या साधनांऐवजी बिया, खडे, पाने, शंख-शिंपले आले. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील ‘अंगणवाडी’ या नावामागेही अंगणात भरणाऱ्या शाळेचीच कल्पना आहे.

आता जोयडा तालुक्याची जमेची बाजू पाहू. आपल्या वाड्या जंगलात दूरदूर पसरलेल्या आहेत, हे खरे. पण इथले चार वर्षांचे मूल झाडे, पाखरे, कंद ओळखते. घरात आजी असते, तिच्याजवळ गोष्टी असतात. अंगणवाडीच्या बाई बहुधा जवळपासच्याच असतात आणि घराघराची परिस्थिती जाणतात. हे सारे पहिल्या पानावर लिहावे. पुढची सगळी कामे याच भांडवलावर करायची आहेत.

सर्वांत आधी भाषेचा प्रश्न घ्यावा असे वाटते. घरी कोंकणी किंवा मराठी बोलणारे मूल अंगणवाडीत गेले की तिथे कन्नड ऐकते. काही मुले आठवडेच्या आठवडे गप्प बसतात आणि ‘हा मंद आहे’ असा शिक्का बसतो. मूल मंद नसते, त्याला अजून शब्द सापडलेले नसतात. कन्नड त्याला आलेच पाहिजे, चांगले आले पाहिजे. पण तिथवर जायची शिडी घरची भाषा आहे. शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही म्हणते. म्हणून आठवड्यातून एकदा एखाद्या आजीने घरच्या बोलीत गोष्ट सांगावी आणि बाईंनी त्याच गोष्टीतले पाच शब्द कन्नडमध्ये म्हणून घ्यावेत. खर्च काही नाही.

आराखड्यासाठी वहीचे एक पान पुरे. चार रकाने आखा : आज काय चांगले आहे, काय बदलायचे, कोण करणार, पुन्हा कधी पाहायचे. एका वेळी दोनच कामे घ्या. तीन महिन्यांनी पाहताना भिंतीवर किती तक्ते लागले ते मोजू नका. गप्प बसणारे मूल बोलू लागले का, जेवणाआधी मुले न सांगता हात धुतात का, पावसाळ्यात हजेरी टिकली का, हे पाहा.

बाईंवर आधीच पोषण आहार, वजने, नोंदी आणि घरभेटी यांचा भार आहे, तोही मानधनावर. म्हणून ‘कोण करणार’ या रकान्यात प्रत्येक वेळी त्यांचेच नाव येता कामा नये. अंगण सारवणे, बिया गोळा करणे, गोष्ट सांगणे ही कामे पालकांची.

एक सावधगिरी. चांगल्यापासून सुरुवात करायची म्हणजे वाईट झाकायचे नव्हे. छप्पर गळते, धान्य कमी येते, एखाद्या मुलाचे वजन वाढत नाही, अशा गोष्टी गोडीगुलाबीने सुटत नाहीत. त्या तारखेसह लिहून ग्रामपंचायतीला आणि तालुक्याच्या बालविकास कार्यालयाला कळवाव्यात, पोच घ्यावी. बाईंना सोबत घेऊन लिहिलेल्या अर्जाला वजन येते. त्यांच्याविरुद्ध म्हणून लिहिलेल्या अर्जाने मात्र दोन्हीकडची मने तुटतात.

पुढच्या पालकसभेला वही घेऊन जा आणि पहिला रकाना बाईंनाच भरायला सांगा. आपल्या कामात काय चांगले आहे, हे त्यांना आजवर किती जणांनी विचारले असेल?