टाळ्या मिळाल्या, खोली मिळाली नाही

अमेरिकेतील टेनेसी राज्याची राजधानी नॅशव्हिल. या शहराला ‘म्युझिक सिटी’ म्हणतात आणि तिथले खास संगीत म्हणजे कंट्री. फिडल, बँजो, गिटारवर गायिलेली खेड्यापाड्यातली गाणी. हे गोऱ्यांचेच संगीत, असा समज वर्षानुवर्षे पसरवला गेला. पण बँजो हे वाद्य मुळात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचे! आणि नॅशव्हिलच्या सर्वात गाजलेल्या कार्यक्रमाचा सुरुवातीचा लाडका कलावंतही काळाच होता. त्याचे नाव डीफोर्ड बेली. गायन पार्टीत ढोलकी-पेटी वाजवणाऱ्या आमच्या तरुणांना हा माणूस ठाऊक असायला हवा.

बेलीचा जन्म १८९९ चा. आजोबा गुलामीतून सुटलेले, फिडल वाजवण्यात पंचक्रोशीत नावाजलेले. लहानपणीच पोलिओ झाला आणि हे पोर वर्षभर अंथरुणाला खिळले. हातात माउथ ऑर्गन होता. पडल्या पडल्या कुत्र्यांचे भुंकणे, लांबून जाणारी आगगाडी ऐकायची आणि तोच आवाज बाजातून काढायचा, हा त्याचा खेळ. उंची पुढे पाच फुटांच्या आतच राहिली.

नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओवर १९२५ साली दर शनिवारचा गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला. केंद्र एका विमा कंपनीचे होते. गाणारे-वाजवणारे प्रत्यक्ष पाहायला लोक तिथे गर्दी करू लागले. डिसेंबर १९२७ मधली गोष्ट. आधीच्या शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमात आगगाडीवरची एक रचना झाली होती. त्यानंतर निवेदक जॉर्ज हे यांनी बेलीला पुढे केले. बेलीने आपली खरीखुरी गाडी सोडली, ‘पॅन अमेरिकन ब्लूज’! तुम्ही मघाशी ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता आमची ‘ग्रँड ओल ऑप्री’ ऐका, असे हे गमतीने म्हणाले. तेच नाव कार्यक्रमाला कायमचे चिकटले.

समोर बसलेल्यांना काय दिसत असेल? कोट-टोपी घातलेला एक बुटका माणूस आणि वीतभर बाजा. साथीला कोणी नाही. गाडी हळूहळू सुटते, चाके वेग घेतात, शिट्टी होते, ती लांब जाते, आणि हे सगळे एका माणसाच्या श्वासातून. कंट्री म्हणावे तर त्यात ब्लूजची हूल, ब्लूज म्हणावे तर त्यात आजोबांच्या फिडलची चाल. तो स्वतः याला काळ्यांचे डोंगरी संगीत म्हणे. १९२८ साली ५२ शनिवारांपैकी ४९ शनिवार तो वाजवायला होता. आम्ही कारकुनी करतो, हजेरीपटाची किंमत आम्हाला कळते!

रेडिओवर रंग दिसत नाही. त्यामुळे हा वाजवणारा काळा आहे हे दूरदूरच्या कित्येक श्रोत्यांना कळतच नसे. दौऱ्यावर मात्र तो समोर दिसे. तिथेही लोक टाळ्या वाजवत; पण खेळ संपला की हॉटेलात त्याला खोली नाही, जेवायला टेबल नाही. सोबतचा गोरा कलावंत अंकल डेव्ह मेकन, ‘हा माझा नोकर आहे’ असे सांगून त्याला आपल्या खोलीत नेई. कलावंत म्हणून बंद असलेले दार नोकर म्हणून उघडत होते! घर भाड्याने पाहायला गेल्यावर आडनाव ऐकून चेहरे कसे बदलतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना आम्ही वेगळे काय सांगावे?

१९४१ साली गाण्यांच्या हक्कशुल्कावरून रेडिओवाले आणि हक्कदारांची संस्था यांचे भांडण झाले. बेलीच्या गाजलेल्या चाली वाजवणे बंद झाले आणि त्याला कामावरून काढले. पुढे हे यांनी आपल्या पुस्तिकेत त्याला आळशी ठरवले, नव्या चाली शिकत नाही म्हणाले. ४९ शनिवार हजर राहणारा आळशी! आमच्या मते भांडण शुल्काचे होते, तर ‘आळशी’ हा शब्द जुन्याच पेटीतला होता.

त्यानंतर सुमारे तीस वर्षे त्याने त्याच नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशचे दुकान चालवले. १९७० नंतर शहर-सुधारणेत दुकान गेले आणि तो सरकारी घरकुलात राहायला आला. त्या गृहनिर्माण खात्यातला डेव्हिड मॉर्टन हा तरुण नोकरदार त्याच्याशी बोलत बसे, टिपून ठेवी. त्यातूनच १९९१ मध्ये त्याचे चरित्र निघाले. सरकारी टेबलावरचा माणूस मनात आणील तर काय करू शकतो, पाहा!

१९७४ मध्ये ऑप्रीने त्याला पुन्हा बोलावले. पंचाहत्तरीच्या घरातल्या म्हाताऱ्याने पुन्हा तीच आगगाडी सोडली. १९८२ साली तो वारला. कंट्री संगीताच्या सन्मान दालनात, म्हणजे ‘हॉल ऑफ फेम’मध्ये, २००५ साली त्याचे नाव लागले, कामावरून काढल्याला तोवर ६४ वर्षे झाली होती.