जुलैतल्या उंच तारा

सकाळी ८.३०

गिरगावातल्या चाळीच्या तळमजल्यावरची माझी खोली उघडली की दिवा लावल्याबरोबर आधी भिंतीवरच्या हायग्रोमीटरकडे बघायचं. आज ८६ टक्के. रात्रभर कोसळत होता, अजून थांबलेला नाही. कपाटात लहान डिह्युमिडिफायर चालू असतो, तिथला काटा ५२ वर आहे. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. त्यामुळे मुंबईचा जुलै तिला अजिबात मानवत नाही. दमट हवेत लाकूड आडव्या अंगाने फुगतं, वरच्या पातळ फळीला पोट येतं, फळीला चिकटवलेला ब्रिज त्या पोटासोबत वर चढतो आणि तारा फ्रेटबोर्डापासून लांब जातात. पाऊस लागला की ‘तारा फार उंच झाल्यात’ म्हणणारी मंडळी माझ्या दारात उभी राहतात ती यामुळे.

कपाटात गेल्या आठवड्यापासून एक गिटार नुसती ठेवली आहे. आली तेव्हा बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची ३.१ मिलिमीटर होती. आज २.७. कानस नाही, पाना नाही, अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास नुसतं पाणी उतरलं. मालकाला निरोप धाडला: काम काही नाही, घेऊन जा, आणि भिंतीला टांगू नका, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. त्याचा विश्वास बसलेला दिसत नाही. काही न करता दुरुस्त झालेली वस्तू लोकांना संशयास्पद वाटते.

सकाळी १०

कॉलेजच्या पहिल्या वर्षातली एक मुलगी, सोबत आई. गिटार ऑनलाइन मागवलेली, स्वस्तातली, सहा महिन्यांची.

“काका, एफ कॉर्ड लागतच नाही. क्लासमधले म्हणतात बोटांत जोर नाही.”

“अगं, बोटं राहू देत. आधी गिटार दे इकडे.”

“हिने सोडायचंच ठरवलंय,” आई म्हणाली. “म्हटलं, एकदा दाखवून तर बघू.”

गिटार आधी सुरात लावायची. सैल तारांवर घेतलेलं माप खोटं असतं, कारण पूर्ण ताणलेल्या सहा लोखंडी तारा मिळून नेकवर आणि ब्रिजवर सुमारे ७० किलोचा ओढा टाकतात आणि गिटारचा खरा आकार त्या ओढ्याखालीच दिसतो. मग स्टीलची पट्टी बाराव्या फ्रेटवर उभी धरायची आणि फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजायचं. जाड तार ३.८ मिलिमीटर, बारीक तार ३. लोखंडी तारांच्या गिटारवर २.४ आणि १.७ च्या आसपास असली म्हणजे हात खूश असतो. (नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार असेल तर तीन-साडेतीन हे चालण्यासारखं माप आहे. त्या तारांना हलायला जागा जास्त लागते.)

आता खरी चौकशी नटाची, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीची. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर तारेखाली किती फट उरते ते बघायचं. केसाएवढी उरली पाहिजे. इथे व्हिजिटिंग कार्ड सहज आतबाहेर होत होतं. एफ कॉर्डला तर्जनी पहिल्याच फ्रेटवर आडवी टाकावी लागते, नटाच्या अगदी शेजारी. नट उंच असला तर तिथे तार खिळ्यासारखी ताठ लागते आणि दाबली तरी सूर चढा येतो. बाजारात येणाऱ्या स्वस्त गिटारींपैकी कितीतरींचे नट असेच उंच सोडलेले असतात, कारण खाच खोल करण्यात वेळ जातो आणि जास्त खोल झाली तर माल परत येतो. याची शिक्षा शिकणाऱ्याच्या बोटांना.

“संध्याकाळी सातला ये,” मी म्हटलं. “आणि आजच्या दिवस सोडू नकोस.”

सकाळी ११.१५

क्रम ठरलेला: नेक, मग नट, शेवटी सॅडल, म्हणजे ब्रिजमध्ये बसवलेली, तारा टेकण्याची पट्टी. उलट्या दिशेने गेलं की केलेलं काम वाया जातं.

पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर तार दाबून मध्ये, सातव्याजवळ, फीलर गेज घातला. अर्धा मिलिमीटर फट. नेकला थोडा बाक हवाच, कारण तार मधोमध सगळ्यात जास्त हलते. पण ०.२ पुरे. साउंडहोलमधून ॲलन की आत घालून नेकच्या आतला ट्रस रॉड पाव फेरा आवळला, पुन्हा सुरात लावलं, मोजलं, आणखी थोडा. हा रॉड मुळात नेकचा बाक सांभाळण्यासाठी आहे. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांनी १९२१ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९२३ मध्ये ते मिळालं. मार्टिनसारख्या कंपनीने तर १९८५ पर्यंत फिरवता येणारा रॉड बसवलाच नव्हता. आता व्हिडिओ बघून लोक ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, उतरवण्यासाठी हाच रॉड फिरवत सुटतात. नेक पाठीमागे वाकते, पहिल्या चार-पाच फ्रेटवर तार खरखरते, आणि तरीही आवळत राहिलं तर रॉड तुटतो. तुटलेला रॉड बदलायचा म्हणजे फ्रेटबोर्ड उचलावा लागतो. स्वस्त गिटारचा तो शेवटच.

नेक सरळ झाल्यावर बारावा फ्रेट ३.६ वर आला. नटाच्या खाचा प्रत्येक तारेच्या जाडीच्या वेगळ्या कानशीने, थोडं थोडं, दर वेळी तार परत बसवून. कानस मागच्या बाजूला उतरती धरायची, नाहीतर तार खाचेत सतारीसारखी झणझणते. मिरजेतले कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तासन्‌तास घासून हीच झणझण मुद्दाम आणतात, तिला जवारी म्हणून मान असतो. माझ्याकडे मात्र ती तक्रार म्हणून येते. नट ०.४ उतरला, बाराव्या फ्रेटवर त्याचा परिणाम निम्मा, म्हणजे ३.४.

आता सॅडल, आणि इथे थोडं गणित. बारावा फ्रेट नट आणि सॅडल यांच्या बरोबर मध्यावर असतो. म्हणून तिथे तार जेवढी खाली हवी, त्याच्या दुप्पट सॅडल घासावा लागतो. २.४ गाठायचं तर एक मिलिमीटर उतरवायचं, म्हणजे सॅडलचे दोन मिलिमीटर. पण जुलै आहे. या ३.४ मध्ये पावसाचा वाटा आहेच, आणि तो दिवाळीनंतर आपोआप परत जाणार. आज मी पूर्ण मापाला घासलं तर डिसेंबरात फळी खाली बसेल आणि ही मुलगी खरखर घेऊन माझ्या दारात येईल. घासून गेलेला सॅडल परत भरून येत नाही. म्हणून आजचं लक्ष्य २.७. म्हणजे सॅडलमधून १.४.

सॅडल काढला. प्लॅस्टिकचा आहे, ब्रिजच्या वर पाच मिलिमीटर डोकावत होता. म्हणजे घासूनही साडेतीनच्या वर उरतो आणि तार त्याच्यावरून पुरेशी वळते. हे वळण फार कमी झालं की आवाज मरतो. घासायचा तो तळ. माथ्यावर फ्रेटबोर्डाशी जुळणारी गोलाई आणि तारांच्या सुरासाठी केलेली पुढे-मागे कड असते, तिला हात लावायचा नाही. तळाशी पेन्सिलने रेघ मारली, तळावर शिसं फासलं. काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवलेला असतो, त्यावर लाकडाच्या ठोकळ्याला टेकवून सॅडल उभा धरून ओढायचा. शिसं सगळीकडून सारखं गेलं की तळ सपाट. दोन-चार ओढण्यांनी व्हर्नियर लावायचा. हे काम घाईत झालं की तळ नावेसारखा गोल होतो आणि सॅडल खाचेत डुलतो.

दुपारी १.३०

पोळी-भाजी, आणि मध्येच फोन. अमेरिकेत शिकायला निघालेला मुलगा, ऑगस्टात विमान. जाण्याआधी तारा ‘एकदम खाली’ करून हव्यात. नाही म्हटलं. तिकडे हिवाळ्यात हीटर लावलेल्या खोलीत आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते, इथे फुगलेली फळी तिथे खोल बसेल. तू आहे तीच गिटार घेऊन जा, मी एक उंच सॅडल जादा करून देतो, दोन्ही जवळ ठेव. “दोन सॅडल?” असं त्याने दोनदा विचारलं. हो, दोन. छत्री आणि स्वेटर दोन्ही नेतोसच ना.

दुपारी ३

एके काळी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे एक आजोबा. गिटार सत्तरच्या दशकातली, ट्रस रॉड नाही, बारावा फ्रेट पाच मिलिमीटर, आणि सॅडल आधीच कोणीतरी घासून ब्रिजच्या अंगाला टेकवलेला.

लांब सरळ पट्टी फ्रेटांवर आडवी ठेवली आणि ब्रिजकडे सरकवली. नेकचा कोन ठीक असेल तर पट्टी ब्रिजच्या माथ्याशी येते. इथे ती बरीच खाली जाऊन ब्रिजच्या पोटाला अडकली. म्हणजे पन्नास वर्षांच्या ओढ्याने सबंध जोडच पुढे झुकलाय. इलाज एकच: वाफेने सांधा सोडवायचा, नेकची टाच तासायची, नव्या कोनात परत चिकटवायची. महागड्या जुन्या गिटारवर हा खर्च शोभतो. या गिटारच्या किमतीपेक्षा तो जास्त होईल, हे मी त्यांना तसंच सांगितलं.

“मग काय, माळ्यावर?”

“तुम्ही हवाईयन वाजवायचात का कधी?”

त्यांचा चेहरा खुलला. मांडीवर आडवी ठेवून तारेवर लोखंडी पट्टी फिरवायची, तर तार फ्रेटला टेकताच कामा नये, तिथे उंच ॲक्शन हीच गरज. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर ब्रिजभूषण काब्रांची गिटार वाजते ती याच जातीची. नटावर बसणारी धातूची उंच पट्टी लावली, हलक्या तारा टाकल्या आणि सूर थोडा उतरवून दिला. मजुरी किरकोळ.

संध्याकाळी ५.३०

गणपतीच्या कार्यक्रमांसाठी सेटअप हवा असलेला एक वादक. इलेक्ट्रो-ॲकूस्टिक आहे, सॅडलखाली पट्टीसारखा पिकअप. त्याला १.८ हवंय, कारण कुणाच्या तरी गिटारवर ते त्याने अनुभवलंय. त्याला वाजवायला सांगितलं. हात जड, पिक जाड, ताशाशी टक्कर देईल असा ठोका. अशा हाताला १.८ वर प्रत्येक ठोक्याला खरखर येणार. २.५ वर सौदा झाला. नखाने हळुवार छेडणाऱ्याला जे माप सुख देतं, ते याला दुःख देईल. पिकअपवाल्या गिटारचा सॅडल मात्र डोळ्यांत तेल घालून सपाट करावा लागतो. तळात किंचित पोकळी राहिली तरी स्पीकरवर एखादी तार मुकी होते.

संध्याकाळी ७

मुलगी वेळेआधी हजर. एफ कॉर्ड लागली. एक तार अजून दबून येते, पण ती सरावाची गोष्ट, गिटारची नाही. आईने विचारलं, “एवढ्यासाठीच होतं का सगळं?” दुकानात मिळणाऱ्या नव्या गिटारीला कुणीतरी एकदा तरी पट्टी लावून मग ती मुलांच्या हातात द्यावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

ज्यांच्या घरी अशी गिटार कोपऱ्यात पडून आहे, त्यांच्यासाठी एक सोपी परीक्षा. उठावदार आकडे नसलेलं एटीएम कार्ड ठरलेल्या मापाचं असतं, ०.७६ मिलिमीटर जाड. गिटार सुरात लावा आणि बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली एकावर एक कार्डं सरकवा. तीन कार्डं तारेला जेमतेम लागत असतील तर उंची ठीक आहे. पाच सहज गेली तर बोटांना बोल लावू नका, गिटार दुरुस्तीला न्या. मोजणी पावसाळ्यात केली असेल तर दिवाळीनंतर पुन्हा एकदा करा, आणि तोवर सॅडलला कुणालाही पूर्ण मापाने हात लावू देऊ नका.