इंग्रजी परीक्षेतला लेखनाचा पेपर : आमच्या मुली कुठे अडतात?



गेल्या वर्षी जिंतूर तालुक्यातली आंध समाजाची एक मुलगी निकालाचा कागद घेऊन माझ्याकडे आली. आश्रमशाळेत शिकलेली, पुढे नर्सिंग करून पुण्याच्या रुग्णालयात चार वर्षे नोकरी केलेली. तिला परिचारिका म्हणून इंग्लंडला जायचे होते. त्यासाठी तिने आयईएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा दिली. ऐकणे, वाचणे, बोलणे या तिन्ही भागांत 7 गुण, लेखनात मात्र 6. तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला लेखनात किमान 6.5 आणि इतर भागांत 7 लागतात. आईवडील ऊसतोडीला जाणारे. पगारातून महिन्यामहिन्याला बाजूला काढलेली फी अर्ध्या गुणासाठी गेली.

"ताई, मला इंग्रजी बोलता येतं, मग लिहिता का येत नाही?" तिने विचारले. उत्तर शोधताना मलाही बरेच शिकायला मिळाले. ते तुमच्यापुढे मांडते.

लेखनाचा पेपर 60 मिनिटांचा असतो. पहिल्या प्रश्नात आलेख किंवा तक्ता देतात. त्यातली ठळक गोष्ट निवडून किमान 150 शब्दांत सांगायची असते. इथे आपले मत नको आणि कारणेही नकोत. दुसऱ्या प्रश्नात एखाद्या विषयावर किमान 250 शब्दांचा निबंध असतो. दुसऱ्याला पहिल्याच्या दुप्पट वजन आहे, म्हणून पहिल्याला 20 आणि दुसऱ्याला 40 मिनिटे द्यावीत.

गुण चार गोष्टींवर मिळतात : विचारले त्याचे उत्तर दिले का, मांडणी सलग आहे का, शब्द योग्य आहेत का, व्याकरण बरोबर आहे का. चारींना सारखेच वजन. या मुलीने शिकवणीच्या वर्गात अवघड शब्दांच्या याद्या आणि कोणत्याही विषयाला चिकटवता येतील अशी तयार वाक्ये पाठ केली होती. म्हणजे सगळी मेहनत एका चौथाईवर, आणि तीही चुकीच्या रीतीने. पाठ केलेला मजकूर परीक्षकाला ओळखू येतो. त्याने गुण वाढत नाहीत.

मी तिला म्हटले, इंग्रजी थोडे बाजूला ठेव, आधी मराठीत लिही. प्रश्न दिला : सरकारने शहरातल्या मोठ्या रुग्णालयांवर जास्त खर्च करावा की खेड्यातल्या दवाखान्यांवर? तिने सुरुवात केली ती आजच्या युगात आरोग्याचे महत्त्व किती, इथपासून. अर्धे पान झाले तरी तिचे मत कळेना. मी वही मिटली आणि विचारले, "तुझं मत काय?"

"खेड्यातल्या दवाखान्यांवर," ती लगेच म्हणाली. "माझ्या काकूला रात्री कळा सुरू झाल्या तेव्हा गाडीच मिळाली नाही."

"मग हेच लिही."

यात दोन गोष्टी तिच्या लक्षात आल्या. पहिली म्हणजे मत आधी सांगायचे. आपल्याकडे कुणाच्या घरी गेलो की आधी पाऊसपाणी, तब्येतीची विचारपूस, मग चहा, आणि उठता उठता मूळ काम. ती आपली रीत चांगलीच आहे, पण या पेपरात उलटे चालते. दुसरी गोष्ट अशी की वाचणारा अनोळखी असतो. संध्याकाळनंतर गावात एसटी येत नाही, हे आपल्याला सांगावे लागत नाही. त्याला सांगावे लागते. ते सांगितले नाही तर काकूची गोष्ट त्याच्या दृष्टीने अर्धीच राहते.

मग आम्ही एका परिच्छेदाचे चार टप्पे ठरवले : मत, त्याचे कारण, एक उदाहरण, आणि त्या उदाहरणातून काय सिद्ध झाले ते. आठवड्याला दोन निबंध. घड्याळ लावून 40 मिनिटे : पहिली पाच आखणीला, शेवटची पाच तपासायला. तपासताना फक्त तिच्या नेहमीच्या चुका पाहायच्या. मराठीत ए, अॅन, द नाहीत, म्हणून ते इंग्रजीत गळतात. एकाच वाक्यात चार "अँड" येतात. तिथे वाक्य तोडायचे. शेवटी निबंध मोठ्याने वाचायचा. जिथे जीभ अडखळते तिथे बहुधा वाक्य बिघडलेले असते.

तीन महिन्यांनी तिने पुन्हा परीक्षा दिली. लेखनात 6.5 आले. आता तिच्या कागदपत्रांचे काम चालू आहे. तिच्याच बरोबर बसणारी दुसरी मुलगी अजून 6 वरच आहे. तिचा सराव चालू आहे.

काही देणगीदार मला विचारतात, "शिकलेल्या मुली परदेशी गेल्या तर गावाची सेवा कोण करणार?" प्रश्न रास्त आहे. पण जावे की राहावे हे त्या मुलीने ठरवावे. लिहिता येत नाही म्हणून तिचा रस्ता बंद होऊ नये. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे, तिथेही बरीच विद्यापीठे अशाच परीक्षेचे गुण मागतात. आणि ही शिस्त इथेही उपयोगी पडते. याच मुलीने परवा धाकट्या भावाच्या जात पडताळणीसाठी एका पानाचे निवेदन लिहिले : काय हवे, का हवे, पुरावा कोणता. पूर्वी त्याच कामाला तिच्या वडिलांनी दुसऱ्याच्या हातापाया पडून कागद लिहून घेतले होते.

मंडळीत निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत आणि कचेरीत काम केलेले आहेत. तुम्हाला या परीक्षेची माहिती नसली तरी चालेल. आठवड्यातून एक निबंध वाचा आणि मुलीला एवढेच विचारा, "तुला नेमकं काय म्हणायचं आहे?" मग ती जे तोंडाने सांगेल, तेच तिला लिहायला सांगा.